पहिल्या तीन रांगा

वीब्रेन होल्वर्दाने तीस वर्षं काच जोडली. काच म्हणजे केबलच्या पोटातली, केसाएवढी. दोन टोकं सोलायची, पुसायची, कापायची, यंत्रात समोरासमोर धरायची आणि एका ठिणगीत वितळवून एक करायची. नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतातल्या निम्म्या गावांचं इंटरनेट त्याच्या हातून गेलेलं होतं. हे तो कुणाला सांगत नसे. पण दुसऱ्या कुणी सांगितलं तर थांबवतही नसे.

त्या वर्षी त्याला समुद्रातल्या मोठ्या बंधाऱ्यापलीकडचं, शेजारच्या प्रांतातलं काम मिळालं. बिटाच्या शेतात एक राखाडी इमारत उभी राहत होती. आत कॉम्प्युटरच्या बारा रांगा बसायच्या होत्या आणि प्रत्येक रांगेला चोवीस केबली. वीब्रेन पहिल्या दिवशी आपलं जोडयंत्र पेटीत घालून घेऊन गेला. दारातच पाटी होती: 'या हॉलमध्ये काच कापण्यास मनाई आहे.'

कामाची व्यवस्थापक मार्लूस चौतिशीची होती. तिचं हेल्मेट इतकं पांढरंशुभ्र, की ते कधी कामावर आलं असेल असं वाटत नसे.

"आता जोडणी कारखान्यातच होते," ती म्हणाली. "मापाने कापलेली, दोन्ही टोकांना कनेक्टर बसवलेली, तपासून पाकिटात घातलेली केबल येते. इथे धूळ, घाई, माणसांच्या चुका. तिथे काही नाही. आपण फक्त ओढायची आणि खोचायची."

"मग मी काय करायचं?"

"तू ओढ."

"आणि खोचायची कुणी?"

"तीही तूच. तुझं पद आता जोडणी-समन्वयक आहे."

वीब्रेनने यंत्राची पेटी व्हॅनमध्ये परत ठेवली. त्याला वाईट वाटलं, पण हार मानायची तयारी नव्हती. कारखान्यातल्या कामात खोट असणारच, ती आपण शोधायची, असं त्याने ठरवलं. पहिलं रीळ आलं त्या दिवशी तो घरचा सूक्ष्मदर्शक घेऊन आला. टोकावरचं प्लास्टिकचं टोपण काढलं, डोळा लावला. ओरखडा नाही. कण नाही. सोबतच्या कागदावर प्रकाशाची गळती लिहिलेली होती, आणि तो आकडा वीब्रेनच्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या जोडापेक्षा लहान होता. खाली आद्याक्षरं होती: वि. दा.

त्याने चाळीस टोकं तपासली. एक्केचाळिसाव्यावर त्याला एक बारीक काळा तंतू दिसला आणि तो उड्या मारायचा तेवढा बाकी राहिला. मार्लूसला त्याने बोलावून आणलं. तिने डोळा लावला, मग सरळ होऊन त्याच्या बाहीकडे पाहिलं.

"वीब्रेन, हा तुझ्या स्वेटरचा आहे."

त्यानंतर तो तपासायचा थांबला. केबली ओढायला अजून आठवडा होता, हाताला काम नव्हतं, म्हणून तो चाकाची मोजपट्टी घेऊन हॉलभर फिरू लागला. केबली ज्या ट्रेवरून जाणार तोच रस्ता, जिथे वर चढतो तिथे शिडीवर चढून. तिसऱ्यांदा मोजूनही उत्तर तेच आलं: रस्ता आराखड्यापेक्षा लांब होता. मधोमध आगीला अडवणारी एक जाड भिंत होती. केबलला तिच्या कडेने वर जाऊन, वळसा घालून खाली यावं लागणार होतं. आराखड्यात मात्र ती सरळ जात होती.

बैठक बसली. आराखडा तायमनने केला होता. तो आइंडहोव्हनच्या ऑफिसातून पडद्यावर आला. हॉल त्याने कधी पाहिलेला नव्हता, पण त्याच्याकडे हॉलचं चित्र फिरवून दाखवता येत होतं आणि ते तो सारखं फिरवत होता.

"आराखड्यात अंतर बरोबर आहे," तायमन म्हणाला.

"आराखड्यात तुझी केबल भिंतीतून जाते."

"भिंत नंतर आली."

"नंतर आली, पण आली ना."

"तू कशाने मोजलंस?"

"चालून."

पडद्यावर तायमन जरासा हसला. मग रिवाजाप्रमाणे प्रत्येकाला बोलायची संधी मिळाली. सुरक्षावाला बोलला, रंगवाला बोलला, ज्याला केबलशी काही घेणंदेणं नव्हतं तो वातानुकूलनवाला सगळ्यात जास्त बोलला. चीज लावलेला पाव संपला तेव्हा सर्वांचं एकमत झालं आणि इतिवृत्तात लिहिलं गेलं: 'भिंतीची नोंद घेण्यात आली.'

पुढच्या सोमवारी पहिल्या रांगेची केबल ओढली. ती रांगेच्या नऊ मीटर अलीकडे संपली आणि ट्रेवरून लोंबत राहिली. दुसऱ्या रांगेची तशीच. बाराच्या बारा रांगा, नऊ-नऊ मीटर. कमी पडण्यात कसा एकसारखेपणा होता. कारखान्याने चूक केली असती तर इतकी नीटनेटकी झाली नसती. उद्घाटन पाच आठवड्यांवर होतं आणि नव्या केबली यायला दहा आठवडे लागणार होते.

मार्लूस त्याला हळूच व्हॅनपाशी घेऊन गेली.

"तुझं यंत्र आहे ना पेटीत?"

"आहे."

"टोकं कापून मध्ये नऊ मीटर जोडशील? कागदावर आपण त्याला दुसरं काहीतरी म्हणू. लांबी-सुसंवाद वगैरे."

याच क्षणाची वीब्रेन चार महिने वाट पाहत होता. या लोकांनी आपल्याकडे यावं, मान खाली घालून, आणि आपण पेटी उघडावी. त्याने पेटीवर हात ठेवलासुद्धा. पण डोळ्यांसमोर ती चाळीस टोकं आली. प्रत्येक केबलला दोन जोड म्हणजे दोन गाठी, आणि त्या गाठी आपल्या हातच्या. पूर्वी त्याला आपल्या जोडाचा अभिमान वाटे. आता वाटेना.

"नाही जोडत," तो म्हणाला.

"पाटीला घाबरतोस?"

"पाटीला कोण विचारतंय. इतकं चांगलं काम मी कापणार नाही, एवढंच."

मार्लूसला हे अजिबात समजलं नाही. वीब्रेनलाही पूर्ण समजलं होतं असं नाही. त्याने व्हॅनमध्ये बसून कारखान्याला फोन लावला आणि वि. दा. हवेत म्हणून सांगितलं. फोनवर एक बाई आली.

"वित्स्के दाउमा बोलतेय."

"मी वीब्रेन होल्वर्दा, त्या बिटाच्या शेतातल्या हॉलमधून. तुमच्या केबली..."

"भिंत काढलीत का हो शेवटी?"

"तुम्हाला भिंत माहीत आहे?"

"तुमच्याच माणसांनी पाठवलेल्या दुसऱ्या कागदावर होती की. मी तीनदा विचारलं, केबल भिंतीच्या आरपार जाणार का म्हणून. तिन्ही वेळा उत्तर आलं, आपल्या प्रश्नाबद्दल आभारी आहोत. मग सही केलेला कागद आला. कागदावर जेवढं असतं तेवढं आम्ही कापतो." मग तिनेच विचारलं, "तुम्ही फ्रीसलंडचे का? बोलण्यावरून वाटतंय."

"डोक्कुमजवळचा."

"मी ड्राख्टनची, म्हणजे फ्रीसलंडचीच. मग अहोजाहो कशाला करतोस? किती कमी पडतेय?"

"नऊ मीटर. सगळीकडे."

"आणि एका रांगेपासून दुसरी रांग किती लांब?"

"तीन मीटर."

पलीकडे पेन आपटल्याचा आवाज आला. "वीब्रेन, तुला यंत्र नको, बोटं मोज. तीन त्रिक नऊ, म्हणजे चौथ्या रांगेची केबल पहिल्या रांगेला लागते. पाचवीची दुसरीला. सगळी तीन घरं सरकव. शेवटच्या तीन रांगांच्या बहात्तर केबली तेवढ्या मी नव्या करून देते, शनिवारी कामाला येऊन. पण मोजून कोण देणार?"

"मी देतो."

"चालून?"

"चालून."

"मग ठीक आहे," वित्स्के म्हणाली. ती पूर्वी चीजच्या कारखान्यात पाकिटं भरायची, हे त्याला नंतर कळलं. काच तिने पन्नाशीत हातात घेतली होती.

केबली दोन दिवसांत सरकल्या आणि चपखल बसल्या. आता सगळं संपलं असं वीब्रेनला वाटलं, तेवढ्यात लेबलांचा प्रश्न निघाला. प्रत्येक टोकावर कारखान्यातच रांगेचा क्रमांक छापून आला होता. पहिल्या रांगेतल्या केबली म्हणत होत्या की आम्ही चौथ्या रांगेतल्या. लेबल बदलावं, तर तपासणीचा कागद त्याच्याशी जुळत नव्हता आणि कारखान्याची हमी जात होती. भिंतीसाठी बैठक चाळीस मिनिटं चालली होती. लेबलांसाठी ती अडीच तास चालली. शेवटी तायमनलाच सुचलं.

"केबलला हात लावू नका," तो म्हणाला. "रांगांचे क्रमांक बदला."

खोलीतल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. रंगवाला आला आणि पहिल्या रांगेवर त्याने '४' काढला. असं करत शेवटची रांग पंधरावी झाली, आणि वित्स्केला नव्या केबलींवर तेरा, चौदा, पंधरा छापायला कळवण्यात आलं. तिने उलट फोन करून वीब्रेनला विचारलं, "तुमच्याकडे कुणी प्यायलंय का?"

"नाही. सगळे शुद्धीवर आहेत," वीब्रेन म्हणाला. "तीच तर अडचण आहे."

उद्घाटनाला गळ्यात पदाची साखळी घालून महापौर आले. त्यांनी रांगा पाहिल्या, मान डोलावली आणि मग विचारलं, "एक, दोन, तीन कुठे आहेत?"

मार्लूसच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. "सुरक्षेच्या कारणास्तव त्याबद्दल बोलता येत नाही."

महापौरांचा आवाज आदराने खाली आला. भाषणात त्यांनी 'जे दिसतं आणि जे दिसू नये' असा उल्लेखही केला. वित्स्के मागे वीब्रेनशेजारी उभी होती. आपल्या केबली कुठे जातात ते बघायला सुट्टी काढून आली होती. हसू दाबताना तिच्या हातातली कॉफी सांडली.

तायमनला त्या वर्षी लवचिक क्रमांकन-पद्धतीबद्दल कंपनीचं प्रशस्तिपत्रक मिळालं. डेन्मार्कमधला कंपनीचा पुढचा हॉलही चौथ्या रांगेपासूनच सुरू झाला. तिथे भिंत नव्हती, केबली पुरत होत्या, पण नियमपुस्तकात तसं लिहिलेलं होतं आणि का लिहिलंय ते विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

वीब्रेनने हिवाळ्याआधी काम सोडलं. जोडयंत्र त्याने लेउवार्डनच्या तांत्रिक शाळेला देऊन टाकलं आणि वित्स्केच्या कारखान्यात नोकरी धरली. तिने मागणीच्या अर्जात एक नवी ओळ घालून घेतली होती: 'हा रस्ता चालून कोणी पाहिला?' तिथे सही असल्याशिवाय ती काच कापत नाही. बहुतेक वेळा सही वीब्रेनची असते. तो अर्धवट इमारतींतून मोजपट्टीचं चाक ढकलत फिरतो, गुडघे कुरकुरतात म्हणून शिडीवर दोनदा थांबतो. जागेवरचे लोक त्याला आराखडा आणून देतात. तो मनापासून आभार मानतो, दुपारी तो आराखडा काँक्रीटवर पसरतो आणि त्यावर बसून पाव खातो, कारण नव्या इमारतीची फरशी फार गार असते.