चढावर तीनदा बंद केलेली जीप

महाडला हमरस्त्यालगतच्या एका गॅरेजात मी आठ वर्षं काम केलं. त्या आठ वर्षांत गॅरेजच्या मेस्त्रीने मला एकदाही कार्बोरेटरला हात लावू दिला नाही. स्प्रिंगपाटे उतरवायचे, गिअरबॉक्स खांद्यावर घ्यायचा, सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायचे, ही माझी कामं. कार्बोरेटर उघडायची वेळ आली की तो म्हणायचा, "बाजूला हो," आणि माझ्याकडे पाठ करून पाटावर बसायचा.

एकदा एका गिऱ्हाइकाने सहज विचारलं, "याला का नाही शिकवत?"

मेस्त्री हसला. "नाजूक काम ह्या लोकांच्या हाताला जमत नाय."

तिथे मी एकटाच उभा होतो आणि तो अनेकवचनात बोलला. आमची वस्ती बौद्धांची, हे त्याला माहीत होतं आणि गिऱ्हाइकालाही. कुठले लोक, हे कुणी विचारलं नाही.

मी टिकून राहिलो, कारण मला काम शिकायचं होतं. डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हणून कानांनी शिकलो. स्क्रू किती आटे फिरवला की इंजिनाचा आवाज कसा बसतो, हे मी त्याच्या पाठीमागे उभं राहून पाठ केलं.

मार्चात चवदार तळ्यावर आमची माणसं जमतात. त्या दिवशी मी दरवर्षी सुट्टी घ्यायचो. आठव्या वर्षी सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेलो, तर मेस्त्री दारातच उभा. एका गिऱ्हाइकासाठी आणलेला कोरा कार्बोरेटर खोक्यासकट नाहीसा झाला होता.

"काल गर्दीत कुणाला विकलास रे?" त्याने विचारलं. गॅरेजात चार कामगार आणि दोन गिऱ्हाइकं होती.

मी म्हटलं, "मेस्त्री, मी काल इथं नव्हतोच."

"तेच तर म्हनतोय."

त्याने माझी डब्याची पिशवी खेचून घेतली आणि सगळ्यांसमोर उलटी केली. दोन भाकऱ्या आणि सुकटीची चटणी जमिनीवरच्या ग्रीसमध्ये पडली. कार्बोरेटर अर्थातच निघाला नाही. तरी त्याने मला हाकललं.

तिसऱ्या दिवशी कार्बोरेटर सापडला. मेस्त्रीच्या मेव्हण्याने तो न सांगता खेडला नेला होता. ही गोष्ट मला तिथल्या एका कामगाराने बाजारात गाठून सांगितली. मी वाट पाहिली. निरोप येईल, निदान गॅरेजातल्या माणसांना तो खरं सांगेल, असं मला वाटत होतं. त्याने काहीच केलं नाही. महिनाभराने रस्त्यात ओळखीचे दोघं भेटले, त्यांनी माझ्याकडे बघून खिसे चाचपल्याची नक्कल केली. त्या क्षणापासून मी डूख धरला. रागाने माणूस चार दिवस जळतो नि विझतो. माझं तसं नव्हतं. मी शांत झालो होतो.

बायकोला घेऊन मी पोलादपूरला गेलो आणि पंक्चर काढायचं दुकान टाकलं. एक मोडका कार्बोरेटर मिळवला आणि रोज घरी तो उघडायचा, धुवायचा, परत जोडायचा, असा नेम केला. घरभर रॉकेलचा वास. एकदा त्याची बारीक सुई हरवली आणि मी दिवसभर चिडचिड केली. संध्याकाळी बायको तांदूळ निवडत होती. तिने सुपातून दोन बोटांत सुई उचलली.

"ह्यो बघा तुमचा खडा," ती म्हणाली. "त्या मानसाच्या नादात एक दिवस ह्यो आमच्या पोटात घालाल."

मी तिला त्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. तिला कळलं होतं.

अशी दोन वर्षं गेली. एका दुपारी गुरांच्या डॉक्टरांची जीप माझ्या दुकानापाशी धक्के खात येऊन थांबली. पोलादपूर आणि महाडच्या डोंगरावरच्या वाड्यांतून गुरं तपासत फिरणारा हा सज्जन माणूस. जीप त्यांनी सरकारी लिलावात घेतलेली, जुनी, पेट्रोलवर चालणारी. टायर तपासायला सांगून ते बाकड्यावर बसले आणि आपणहून बोलू लागले.

"कापडे गावाच्या पुढच्या चढावर आज पुन्हा बंद पडली. म्हैस अडली होती. मी चालत पोचलो तोवर मेली. तीन वेळा महाडला दाखवली मी ही गाडी."

"कुणाला?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या जुन्या मेस्त्रीचं नाव घेतलं. मी टायर तसाच सोडून बॉनेट उघडलं.

कार्बोरेटर म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा मापात पाजणारं यंत्र. त्याला पेट्रोल साठवणारी एक वाटी असते. ती वाटी गाडीच्या पुढच्या तोंडाला हवी. म्हणजे चढावर गाडी कलली की पेट्रोल आपसूक आत उतरतं. मेस्त्रीने तो उलटा बसवला होता. वाटी मागे. सपाट रस्त्यावर कुणाला कळणार नाही, चढावर मात्र इंजिन उपाशी मरायचं. शिवाय त्यातली हवेची झडप फिरवणारी दांडी झिजून खुळखुळत होती. बॅटरी जुन्या पद्धतीची, सहा व्होल्टची. ओल्या हवेत तिची ठिणगी प्लगपर्यंत जेमतेम पोचायची.

ते उलटं तोंड बघून मला आनंद झाला. मेलेल्या म्हशीचा विचार मनात आला नाही, हे मी आज कबूल करतो.

"साहेब, कार्बोरेटर बदलू," मी म्हटलं. "आणि सहा व्होल्टचं सगळं काढून बारा व्होल्ट करू. आठ दिवस गाडी ठेवा."

"तू पंक्चरवाला ना?"

"आठ दिवस ठेवा."

त्यांना दुसरा उपाय नव्हता. त्यांनी ठेवली.

मोटारीचा एक चांगला कार्बोरेटर मी मुंबईहून मागवला. त्याची भोकं जीपच्या भोकांवर बसेनात, म्हणून मधे बसवायला जाड पत्र्याची पट्टी कानशीने घासून घासून केली. दोन दिवस तेच. वाटी पुढे येईल असा कार्बोरेटर बसवला. मग बारा व्होल्टची बॅटरी, तसाच डायनॅमो, नवी कॉइल, ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर, सगळे बल्ब. जुन्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या होत्या, त्याही बदलल्या. वायरीला बल्ब जोडून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची नेमकी वेळ, लावलं. स्टार्टरचं बटण दाबलं आणि इंजिन पहिल्याच फेऱ्यात सुरू झालं. आवाज असा बसला की हात न लावता मी तिथेच उभा राहिलो. माझ्या मनात मात्र एकच होतं. हा आवाज त्याला ऐकवायचा.

डॉक्टर आले, आवाज ऐकून खूष झाले. "चल, कापड्याच्या चढावर बघू."

"चाचणी महाडला घेऊ, साहेब."

"अरे, चढ तर इकडे आहे!"

"गाडी ओळखणारी माणसं तिकडे आहेत."

दुसऱ्या दिवशी त्यांना महाडकडच्या डोंगरात, तळीयेच्या बाजूच्या एका वाडीवर जायचंच होतं, म्हणून ते कबूल झाले. पाऊस ओसरत आला होता. मी जीप नेमकी मेस्त्रीच्या गॅरेजसमोर लावली, इंजिन चालू ठेवलं आणि बॉनेट उघडलं. कामगार जमले. मग मेस्त्री आला. त्याने आधी इंजिनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मोटारीचा कार्बोरेटर जीपला?" तो डॉक्टरांना म्हणाला. "साहेब, चढावर ही गाडी तुम्हाला ढकलायला लागंल."

"मग बसा की, मेस्त्री," मी म्हटलं. "ढकलायला माणूस पाहिजेच."

कामगार हसले. आता मागे हटणं त्याला शक्य नव्हतं. तो पुढच्या सीटवर बसला, डॉक्टर मागे औषधांच्या पेटीशेजारी.

वाडीचा रस्ता म्हणजे नुसता लाल चिखल आणि दगड. सगळ्यांत खड्या वळणावर मी हँडब्रेक ओढला आणि इंजिन मुद्दाम बंद केलं. एका बाजूला दरी होती. मेस्त्रीने समोरची दांडी घट्ट धरली.

"पडली ना बंद?" तो म्हणाला.

मी बटण दाबलं. इंजिन लगेच सुरू झालं. पुढच्या वळणावर पुन्हा बंद केलं, पुन्हा सुरू केलं. तिसऱ्या वेळी त्याच्या कपाळावर घाम होता. डॉक्टर मागून म्हणाले, "बस झालं रे, कळलं."

वर पोचल्यावर डॉक्टर पेटी घेऊन गोठ्याकडे गेले. आम्ही दोघंच जीपपाशी उरलो. या क्षणासाठी मी दोन वर्षं काढली होती.

"मेस्त्री, तो कार्बोरेटर सापडला?"

"कुठला?"

"ज्याच्यासाठी माझ्या भाकऱ्या ग्रीसमध्ये टाकल्यात."

त्याने चपलेचा चिखल दगडावर घासला. "सापडला होता."

"कधी?"

"तिसऱ्या दिवशी."

"खाली चला आणि हेच गॅरेजात सगळ्यांसमोर बोला."

"जुनं कशाला उकरतोस? तू आता चांगला कारागीर झालास. माझ्याच गॅरेजात झालास ना?"

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. मी म्हटलं, "बोलणार असाल तर गाडीत बसा. नाहीतर रस्ता हाच आहे."

त्याने धोतराचा सोगा वर खोचला आणि चिखलातून चालू लागला. पन्नाशीच्या पुढचा माणूस, पायात चपला. मी थांबवलं नाही. बॉनेटला टेकून तो वळणाआड होईपर्यंत मी बघत राहिलो आणि मला फार बरं वाटलं.

डॉक्टर परत आल्यावर त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, भाकऱ्यांसकट. त्यांनी पेटी मागे ठेवली आणि पुढे बसले. उतारावर मेस्त्री दिसला. एक चप्पल हातात, गुडघ्यापर्यंत चिखल. डॉक्टर म्हणाले, "थांबव." मी थांबवली, पण वीस पावलं पुढे नेऊन. तो चालत आला आणि मागे बसला.

महाडला गॅरेजसमोर तो उतरला. कामगार बघत होते. तो सरळ आत निघाला. तेव्हा मीच मोठ्याने म्हणालो, "तो कार्बोरेटर तिसऱ्या दिवशी ह्यांच्या मेव्हण्याकडे सापडला. मघाशी ह्यांनी स्वतः सांगितलं. खोटं असेल तर आत्ता म्हणा, मेस्त्री."

तो थबकला. वळला नाही, नाही म्हणालाही नाही. मग आत गेला. ज्याने मला बाजारात खरं सांगितलं होतं तो कामगार खाली मान घालून हसत होता.

परतीच्या वाटेवर पोलादपूरच्या अलीकडे डॉक्टर म्हणाले, "गाडी उत्तम झाली. पण तू ती माझ्यासाठी केली नाहीस."

"नाही, साहेब."

"निदान खोटं बोलत नाहीस."

त्यानंतर कामाला जीप ते माझ्याकडेच आणत, पण पहिल्या दिवसासारखे बाकड्यावर बसून बोलत नसत. गाडी सोडायची आणि समोरच्या हॉटेलात जायचं. ते मला लागलं. बाकी जीपवाले एकेक करून महाडहून माझ्याकडे वळले. एखादी नवी जीप दारात लागली की आधी मी मनात म्हणायचो, त्याची आणखी एक गेली. काम नंतर बघायचो. असं किती वर्षं चाललं, सांगवत नाही.

मेस्त्री गेला तेव्हा निरोप आला होता. बायको म्हणाली, "जाऊन या. मेलेल्याशी काय वैर?" मी चपला घातल्या, एस.टी.च्या थांब्यापर्यंत गेलो, महाडची गाडी आली ती जाऊ दिली आणि घरी परत आलो. तिने जेवायला वाढलं, आणि मी पोटभर जेवलो.