आधी चहा

आमच्या क्लबात चांगली बातमी चहाआधी सांगायची आणि वाईट बातमी चहानंतर, असा नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही. मी सचिव आहे, सगळी कागदपत्रं माझ्याच कपाटात असतात, त्यामुळे हे मी खात्रीने सांगते. लिहिलेले नियम आम्ही सर्रास मोडतो आणि हा न लिहिलेला मात्र जीव गेला तरी मोडत नाही.

क्लब म्हणजे फार काही मोठं समजू नका. बोर्ली पंचतन आणि आसपासच्या गावांतले वीस-बावीस जण. दुकानदार, बागायतदार, माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिका, एक डॉक्टर. मोतीबिंदूची शिबिरं भरवायची, चष्मे वाटायचे, कुणाच्या घरी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं तर क्लबची चाकांची खुर्ची पोचवायची, ही आमची कामं. दर गुरुवारी चार वाजता शाळेच्या माडीवर सभा असते. सभा हे आपलं म्हणायचं. खरं तर आठवडाभरात कुणाकडे काय झालं ते ऐकायलाच सगळे येतात, मीही त्यासाठीच जाते.

नियम पडला तो एका फजितीतून. फार पूर्वी एकदा कप भरले जात असतानाच कुणीतरी एका जुन्या सभासदाच्या मृत्यूची बातमी सांगून टाकली. वीस कप चहा तसाच गार झाला. चहा करून आणणाऱ्या बाई इतक्या रुसल्या की पुढचे दोन गुरुवार फिरकल्याच नाहीत. तेव्हाच्या अध्यक्षांनी फर्मान काढलं, आणि तेव्हापासून एकेकाने उभं राहून आधी खुशखबर सांगायची, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, मग चहा, आणि मग ज्याला जे रडायचं ते रडायचं. एका गृहस्थांनी चहाआधी म्हैस व्यायल्याचं सांगून टाळ्या घेतल्या होत्या आणि चहानंतर रेडकू गेल्याचं सांगून सगळ्यांना हळहळायला लावलं होतं.

गंमत म्हणून ठीक होतं, पण पुढे हे आमच्या अंगातच भिनलं. कुणी दारात येऊन म्हणालं, "आधी चहा होऊ दे," की आम्ही वाईट बातमीच धरून चालतो. क्लबातच नव्हे, घरीसुद्धा. माझे मोठे भाऊ गेले तेव्हा फोन यजमानांनी घेतला होता. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तू आधी चहा घे." मी ओट्याला धरून खाली बसले. पुढचं त्यांना सांगावंच लागलं नाही.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या क्लबात एक आपा आहेत. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या, शिवणाचा क्लास चालवतात, शिबिराच्या दिवशी म्हाताऱ्यांना हाताला धरून आत नेण्याचं काम त्यांच्याइतकं कुणालाच जमत नाही. यजमान आखातात नोकरीला होते, ते तिकडेच वारले. एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर फिटर. चौथीत माझ्याच वर्गात होता. गोड पोरगा, पण पाढ्यांच्या नावाने शंख. बाराचा पाढा त्याला वर्षभरात आला नाही, याचा राग मला अजून आहे.

त्याचा एका शनिवारी आईला निरोप आला, की आता दोन-तीन दिवस रेंज नसेल, काळजी करू नकोस. त्यानंतर काहीच नाही. पाचव्या दिवशी गुरुवारी आपा सभेला आल्या, त्यांची पाळी आली तेव्हा उठल्या आणि म्हणाल्या, "माझी आज खुशखबर न्हाय." चहा झाल्यावर सांगितलं, "पोराचा फोन न्हाय." आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितलं की येईल, जहाजावर असं होतंच. अध्यक्षांची भातगिरणी आहे, समुद्राशी त्यांचा संबंध दिघीच्या जेटीवरून पल्याड जाण्यापुरता, पण तेही मोठ्या जाणकारासारखं बोलले.

मग फोनवर एक बातमी फिरायला लागली. कुठल्याशा समुद्रात एका जहाजाला आग लागली, माणसं सापडत नाहीत. जहाजाचं नाव नाही, तारीख नाही, नुसता धुराचा फोटो. आपांना तो फोटो चार जणांनी पाठवला. असल्या माणसांना वर्गाबाहेर उभं करायला हवं. डॉक्टरांचा भाचा मुंबईत जहाज कंपनीच्या ऑफिसात जाऊन आला. तिथे एवढंच कळलं की जहाजाशी संपर्क होत नाही, झाला की कळवू.

मी रोज संध्याकाळी आपांकडे जाऊन बसायचे आणि रोज म्हणायचे, "येईल हो फोन." त्या मशीनवर बसून कुणाचं तरी पोलकं शिवत असायच्या. आठव्या-नवव्या दिवशी त्यांनी मला उलट विचारणंच सोडलं. त्या फक्त मान हलवायच्या, आणि मला माझ्याच आवाजाचा वीट यायला लागला.

बाराव्या दिवशी पुन्हा गुरुवार. आपा येणार नाहीत अशी माझी खात्री होती, पण आल्या. म्हणाल्या, "घरात भिंती खायला उठतात, बाई." माझ्या शेजारी बसल्या. खुशखबरींची फेरी सुरू झाली, पण कुणाला काही सांगायचा धीर होईना. एकाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, मला माहीत होतं, तरी तो उठून म्हणाला, "माझं विशेष काही नाही." अध्यक्षांनी मग शिबिराच्या तयारीवर लांबलचक बोलायला घेतलं. एरवी मी त्यांना घड्याळ दाखवते. त्या दिवशी बोलू दिलं.

चहाचे कप मांडले जात होते तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. मेडिकलवाले भाऊ. बाजारपेठेत आपांच्या घरासमोरच यांचं औषधाचं दुकान, आणि क्लबात यांच्याइतका जुना सभासद दुसरा नाही. दुकान टाकून ते सभेला कधी सव्वापाचच्या आत येत नाहीत. त्या दिवशी साडेचारलाच दारात उभे. तोंड पांढरंफटक, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, चौकटीला धरलेला हात लटलट कापत होता. त्यांनी आपांकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि म्हणाले,

"आधी... आधी चहा."

चहाच्या बाईंच्या हातातली किटली तशीच तिरकी राहिली आणि कप भरून बशीत सांडायला लागला. मला आपांचा हात धरायचा होता, पण माझाच हात उचलेना. खोटं कशाला सांगू, दुखवट्याच्या ठरावाची पहिली ओळ माझ्या डोक्यात तयार होती. दोन दिवसांपासून होती. सचिवाची सवय. त्या क्षणी मला स्वतःची किळस आली.

आपा उठल्या. टेबलापाशी गेल्या, तो काठोकाठ भरलेला कप उचलला आणि उभ्या उभ्या, फुंकर न घालता, उकळता चहा घटाघटा पिऊन टाकला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते चटक्याने की कशाने, देव जाणे. कप खाली ठेवला आणि पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "झाला माझा चहा. आता सांग, भाऊ."

भाऊंनी मान जोरजोरात हलवली. "तुम्ही नाही... मला... मला गोड..." एवढं बोलून ते चौकटीवरून घसरत खाली बसले.

पहिले भानावर आले ते डॉक्टर. "अरे, ह्याची साखर उतरली आहे!" असं ओरडून त्यांनी साखरेचा डबाच उचलला आणि मूठभर साखर भाऊंच्या तोंडात कोंबली. त्यावर बाईंनी बशीतला चहा पाजला. भाऊंना मधुमेह आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. दुकानात गर्दी म्हणून जेवायला चार वाजले, इंजेक्शन घेऊन ताटावर बसले आणि पहिला घास घ्यायच्या आत दुकानातला फोन वाजला. त्यानंतर ताट तसंच टाकून ते धावत सुटले होते. हे सगळं मागाहून कळलं. त्या वेळी आम्ही तेरा माणसं एका माणसाच्या साखर चघळणाऱ्या तोंडाकडे बघत उभी होतो आणि तो माणूस गिळता गिळता बोटाने आपांकडे खूण करत होता.

"त्याचा फोन," भाऊ शेवटी म्हणाले. "दुकानावर. तोच होता. बरा आहे. जहाजाचं यंत्र वादळात बिघडलं होतं, आज बंदराला लागले. ह्याचा मोबाइल पाण्यात पडला. आपा, त्याला तुमचा नंबर पाठ नाही! मोबाइलमध्येच होता म्हणे. आमच्या दुकानाच्या पाटीवरचा तेवढा पाठ होता, लहानपणापासून गॅलरीतून बघून बघून."

बाराचा पाढा न येणाऱ्या पोराला पाटीवरचा नंबर पाठ होता! मी हसायला लागले आणि माझं मलाच कळेना की हुंदके कुठून येताहेत. अध्यक्ष उघडपणे रडत होते. कुणीतरी भाऊंना बदडलं, म्हणजे पाठीवर धपाटे घातले, "जीव घेतलास की रे मेल्या, साखर म्हणायचं, चहा कशाला म्हणालास!" भाऊ केविलवाणे होऊन म्हणाले, "साखर शब्द तोंडात येईना हो."

आपा मात्र जिथे होत्या तिथेच. त्यांनी फक्त विचारलं, "परत करणार हाय काय फोन?"

"तुमचा नंबर दिलाय मी त्याला. अर्ध्या तासात करतो म्हणालाय. मी ते सांगायलाच धावत आलो, इथे माडीवर रेंज कुठे असते!"

झालं. एका मिनिटात अख्खा क्लब जिन्यावरून खाली. भाऊंना दोघांनी धरून आणलं, हातात बिस्किटाचा पुडा. शाळेच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला एक जागा आहे, तिथे दोन दांड्या रेंज येते. आपांना मधे उभं करून आम्ही सगळे भोवती. श्रीवर्धनची एसटी आली, तिला जायला वाट मिळेना. ड्रायव्हरने हॉर्न मारून डोकं बाहेर काढलं. "काय झालंय? अपघात हाय काय?"

"न्हाय रे बाबा," अध्यक्ष म्हणाले. "पोराचा फोन येणार हाय."

"मग घरी जाऊन घ्या की!" असं म्हणून त्याने गाडी आमच्या अंगावरून घासत नेली. त्याचंही बरोबरच होतं.

फोन वाजला. आपांच्या बोटांना तो उचलता येईना, मी हिरवं बटण सरकवून त्यांच्या कानाला लावला. पलीकडून "अम्मी" एवढं मलाही ऐकू आलं. आणि आपा अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात कडाडल्या, "कुठं मेला होतास रं इतके दिस!"

बोलल्या आणि त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी तोंडावर हात दाबून धरला. मग किती तरी वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. "हां. हां. खाल्लंस ना? हां." आम्ही सगळे उगाच इकडेतिकडे बघत होतो, जणू काही ऐकत नव्हतो.

फोन संपल्यावर बाकीचे वर गेले. त्या दिवशी परत ताजा चहा झाला, लग्न ठरलेल्या मुलीच्या बापाने आपली बातमी उठून सांगितली म्हणे, टाळ्याही पडल्या. मी आपांबरोबर खालीच राहिले. उन्हं कलेपर्यंत फाटकाच्या पायरीवर बसून राहिलो. आपा आपली भाजलेली जीभ ओठांवरून फिरवत होत्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "रोज येऊन येईल येईल म्हणत होतीस. तुला खरंच वाटत होतं?"

आठवडाभर रोज खोटं बोलले होते, आता जमेना. "नाही, आपा," मी म्हटलं. "शेवटी शेवटी नव्हतं वाटत."

मला वाटलं त्या रागावतील. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मलाबी न्हाय," त्या म्हणाल्या. "इतके दिस दुआ एकच मागत होते, त्याला परत आण. काल ते सोडून दिलं. काल मागितलं, जे झालं असंल ते असंल, पण त्याला तकलीफ नको देऊस."

मी नुसती त्यांची बोटं धरून ठेवली. थोड्या वेळाने त्यांनी आभाळाकडे पाहिलं, हात सोडवून घेतला आणि पायांत चपला सरकवल्या.

"जाते मी," त्या म्हणाल्या. "मगरिबच्या नमाजची वेळ व्हायला आली. कालची दुआ परत घ्यायची हाय मला."