उपसरपंचपदास माझी संमती होती

आमच्या ग्रामपंचायतीची निवडणूक पुन्हा जवळ आली आहे, आणि या खेपेस वाडीची व बंदराची तरुण मंडळी एकाच पॅनेलमधून उभी राहत आहेत. गोष्ट चांगली आहे. मात्र त्यांनी गावाच्या व्हॉट्सॲप गटावर जो मजकूर फिरवला आहे, त्यात 'जे दोन म्हाताऱ्यांना अहंकारापायी जमले नाही ते आम्ही करून दाखवू' असे एक वाक्य आहे. त्या दोन म्हाताऱ्यांपैकी एक मी. दुसरा गेल्या श्रावणात वारला. त्यामुळे उत्तर देण्याचे काम माझ्या एकट्यावर आले आहे.

बोईसरहून तारापूरकडे येताना रस्ता आमच्या गावाचे दोन भाग करतो. रस्त्याच्या अलीकडे आमच्या चिकूच्या व नारळाच्या वाड्या, पलीकडे बंदर, म्हणजे मच्छीमारांची आळी. वाडीचा उमेदवार मी आणि बंदराचा तो, असा प्रकार पंचवीस वर्षे चालला. त्याला सगळे तांडेल म्हणत, कारण तरुणपणापासून तो स्वतःची होडी स्वतः हाकत आला होता. मागची सोडून चार निवडणुका आम्ही एकमेकांविरुद्ध लढलो. दोन त्याने जिंकल्या, दोन मी. माझ्या एका विजयाबद्दल बंदरात आजही काही बोलले जाते, ते खोटे आहे.

दोन निवडणुकांच्या मधल्या काळात आमचे भांडण कागदावर चाले. त्याने गायरानात बोंबील वाळवायला बांबूंची वलांडी उभारली की मी गटविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज करी. मी खाडीच्या बांधाची उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडप, बंद ठेवली की त्याच्या वकिलाची नोटीस येई. माझे मराठी बरे आहे. माझा अर्ज साहेब दोनदा वाचत असत, असे तेथील कारकुनानेच मला सांगितले होते. प्रत्येक अर्जाची एक प्रत मी न चुकता तपकिरी लिफाफ्यात घालून तांडेलाकडे पाठवीत असे. विरोधकाला अंधारात ठेवून लढणे मला मान्य नव्हते.

मग मागच्या निवडणुकीच्या आधी तिसरा माणूस उभा राहिला. सालवडच्या बाजूला कामगारांसाठी चाळी बांधणारा तो एक ठेकेदार होता. आमच्या गायरानात गोदामे व्हावीत अशी त्याची इच्छा होती आणि ती त्याने लपवलीही नव्हती. वाडी आणि बंदर वेगवेगळे लढले तर तो निवडून येणार, हे उघड होते. त्या खेपेस सरपंचपद खुले होते आणि निवड थेट मतदारांतून व्हायची होती. तेव्हा एकाने सरपंचपदासाठी उभे राहावे, दुसऱ्याने सदस्य होऊन पुढे उपसरपंच व्हावे आणि पॅनेल एकच असावे, अशी कल्पना निघाली. ती तांडेलाची होती असे बंदरात सांगतात. ती माझी होती. निरोप त्याचा आधी आला इतकेच.

त्याच्या घरी मी जाणार नव्हतो, माझ्या घरी तो येणार नव्हता. म्हणून आम्ही बोईसरच्या रिक्षा स्टँडमागच्या एका हॉटेलात भेटू लागलो. तेथे सगळे हिंदी बोलणारे कामगार. आम्हाला ओळखणारे कोणी नव्हते.

पहिल्या दिवशी मी आत शिरलो तेव्हा तो आधीच बसलेला होता.

"काय अर्जवाले, आज कोणावर?"

"आज तुमच्याविरुद्ध नाही, तुमच्यासोबत करायचा म्हणतो," मी म्हणालो.

"दोघांचा अर्ज? मग वर सही कोणाची नि खाली कोणाची?"

तेथेच खरा प्रश्न होता, आणि तो पहिल्या घोटालाच त्याने बाहेर काढला. त्यानंतर आम्ही सहा वेळा भेटलो, आणि तेवढा एक प्रश्न सोडून बाकी सगळे ठरवले. वलांडींना हंगामापुरती जागा द्यायची. उघाडीची किल्ली एक महिना त्यांच्याकडे, एक महिना आमच्याकडे. प्रचारात बंदरात मी बोलायचे आणि वाडीत त्याने, म्हणजे लोकांना विश्वास बसेल.

"तुझं भाषण बंदरात कोणाला समजल?"

"तुम्ही शेजारी उभे राहून समजावून सांगा."

"म्हंजे एवढी वर्सं भांडून शेवटी मी तुझा दुभाषी?"

आमचे आवाज चढले असावेत, कारण वाढपी जवळ येऊन म्हणाला, "चाचा लोग, झगड़ा बाहर जाके करो."

"झगडा नाय रे बाबा," तांडेल म्हणाला, "आमी लगीन ठरवतोय. नवरी कोण व्हनार तेवढंच ऱ्हायलंय."

मी हसलो. पंचवीस वर्षांत त्याच्यासमोर मी हसलो असेन तर ते त्या हॉटेलात. त्याच दिवशी तो आणखी एक वाक्य बोलला: "तुझा लिफाफा घरी आला का मी हात नाय लावत. उघडला का जेवण जात नाय. तसाच पालघरला वकिलाकडं धाडतो, तो बघून घेतो." हेही मी हसण्यावारी नेले. ती माझी चूक होती. ती मी येथे मान्य करतो, कारण दुसरी कोणतीही मान्य करणार नाही.

शेवटच्या भेटीत तो म्हणाला, "इचार कर नि सांग. मी खाली सही करायला तयार नाय, खोटं कशाला बोलू." मी चहाचे पैसे ठेवून उठलो. माझी बाजू सांगणारे लोक गोष्ट येथेच संपवतात: तांडेल अडून बसला, म्हणून बोलणी फिसकटली. त्याची बाजू सांगणारेही येथेच संपवतात: वाडीवाला रागाने उठून गेला. दोघांचेही म्हणणे चूक आहे. मी रागावलो नव्हतो. मी विचार करीत होतो.

आणि विचारांती मला दिसले की तो वर असणेच योग्य. मी गावच्या आदिवासी पाड्यावर गेलो की उभ्याने बोलतो, लोक ऐकतात आणि मान डोलावतात. तो जाई तेव्हा आधी अंगणात खाली बसे, पाणी मागे, कोणाची भातलावणी कुठवर आली ते विचारी, आणि निवडणुकीचे बोलायला बहुधा विसरून जाई. मते त्यालाच पडत. हे मी त्याच्या हयातीत कोणापाशी बोललो नाही.

मी चार खर्डे केले. पाचवा मजकूर असा होता: 'सविनय कळविण्यात येते की, आगामी निवडणुकीत सरपंचपदासाठी आपण उभे राहावे व उपसरपंचपद मी स्वीकारावे, यास माझी पूर्ण व बिनशर्त संमती आहे.' खाली सही केली. नेहमीच्या तपकिरी लिफाफ्यात घालून तो कागद वाडीतल्या गड्याकरवी बंदरात पाठवला. इतकी महत्त्वाची गोष्ट तोंडी सांगणे मला हलकेपणाचे वाटले.

तिसऱ्या दिवशी पालघरहून वकिलाचे उत्तर आले. 'आपल्या पत्रातील संपूर्ण मजकूर माझ्या अशिलास नाकबूल असून, त्यातील प्रत्येक विधान माझे अशील स्पष्टपणे फेटाळीत आहेत.' मी ते पडवीत उभ्यानेच वाचले. आजवरच्या प्रत्येक अर्जाला मला याच शब्दांत उत्तर आले होते, हे त्या क्षणी माझ्या लक्षात यायला हवे होते. आले नाही. मला एवढेच दिसले की मी मान खाली घातली आणि त्याने ती वकिलाकरवी झिडकारली.

त्यानंतरचा दिवस उमेदवारी अर्ज भरण्याचा अखेरचा. मी तहसील कार्यालयात जाऊन सरपंचपदासाठी अर्ज भरला. रांगेत तो माझ्या मागे चार माणसे सोडून उभा होता. आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही. निवडणुकीत ठेकेदार आला. आमची मते एकत्र केली असती तर तो आला नसता, हे शाळेतले पोरही सांगेल.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. गेल्या पावसाळ्याच्या तोंडी तांडेलाला बोईसरच्या एका दवाखान्यात ठेवल्याचे कळले. मी गेलो. तो खाटेवर उशीला टेकून बसला होता, पूर्वीच्या निम्मा.

"अर्जवाले," तो म्हणाला, "एक सांग. तू उभा का ऱ्हायलास?"

"तुमच्या वकिलाने नकार कळवला म्हणून."

"कसला नकार?"

"माझ्या पत्राला."

तो उशीवरून पुढे झाला. "ते पत्र मी बगितलंच नाय. तुला सांगितलं व्हतं ना, मी उघडत नाय म्हणून. काय लिवलं व्हतंस?"

"वकिलाकडून मागवा आणि वाचा."

"आता कुठं वकील? तू हायस ना समोर. तोंडानं सांग."

एकच वाक्य होते. ते मला पाठ होते, आजही आहे. मी म्हणालो, "जे एकदा लिहून दिले ते मी तोंडी पुन्हा सांगत नसतो."

तो हसला, मग खोकला. "ऱ्हाऊ दे मग," म्हणाला. नंतर आम्ही त्या वर्षी पापलेट मिळत नसल्याबद्दल बोललो. पुढच्या भेटीत सांगावे असे मनाशी ठरवून मी घरी आलो. पुढच्या भेटीत तो कोणाला ओळखत नव्हता.

आता गायरानाला कुंपण पडले आहे. मी त्याविरुद्ध अर्ज करतो, त्यांची पोच येते. पण लिहिताना हात पूर्वीसारखा चालत नाही. ज्याने माझा एकही लिफाफा उघडला नाही, त्याच्यासाठीच मी पंचवीस वर्षे नेमके शब्द शोधीत होतो, हे मला फार उशिरा कळले. आणि प्रचाराचे जे पंधरा दिवस कधी आलेच नाहीत त्यांची आठवण मला होत राहते: सकाळी आम्ही दोघे निघालो आहोत, त्याचे गुडघे दुखतात म्हणून मी सावकाश चालतो आहे, बंदराच्या देवळापुढे मी एक लांब वाक्य बोलतो, लोक त्याच्याकडे पाहतात, आणि तो ते तीन शब्दांत सांगून टाकतो.

गेल्या आठवड्यात नव्या पॅनेलची मुले पाठिंब्याचे पत्र मागायला आली. मी म्हणालो, "पत्र देणार नाही. बंदरात येऊन बोलेन." ती एकमेकांकडे पाहू लागली, पण रविवारी चार वाजता मला घेऊन गेली. सभा देवळापुढच्या मंडपात होती आणि तांडेलाचे घर मंडपाला लागून. त्याची बायको ओट्यावर जवळा निवडीत बसली होती.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मागच्या निवडणुकीत सरपंच तांडेलाने व्हावे आणि मी त्याच्या हाताखाली उपसरपंच, हे मला मान्य होते. मी तसे लिहून दिले होते. त्याने ते वाचले नाही, आणि त्याने विचारले तेव्हा मी सांगितले नाही."

कोणीतरी टाळी वाजवायला लागले आणि थांबले. तिने सूप खाली ठेवले.

"एवढंच लिवलं व्हतं त्यात?"

"एवढंच."

"फारम भरायच्या आधी तीन दिवस दारातनं हलला नाय तो. जेट्टीवर पण गेला नाय. तुमी येताल नि सांगताल म्हणून." तिने पदराने ओट्याची कड पुसली. "बसा. ऊन हाय."

मी जाऊन बसलो. त्या ओट्यावरून आमच्या वाडीचे फाटक सरळ समोर दिसते, हे मला ठाऊक नव्हते.