बिनखिडकीच्या वर्गाची तपासणी

वर्ला क्रांट्झबाई पहिल्यांदा नॉर्डालच्या शाळेत उतरल्या तेव्हा मिनेसोटातला जानेवारी चालू होता, आणि पारा इतका खाली गेला होता की त्याला वर काढायला दोर सोडावा लागला असता. सरकारी पांढरी मोटार दाराशी थांबली. आधी एक बूट बाहेर आला. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मग दुसरा बूट आला. लोक सांगतात, त्या दोन बुटांच्या मधल्या वेळात शाळेचा कुरकुरणारा बॉयलर आपोआप सुरळीत चालू लागला, स्वयंपाकघरातल्या बाईंची जुनी उचकी थांबली, आणि तळ्यापलीकडच्या मांसाच्या कारखान्यातल्या टर्की पक्ष्यांनी, ज्यांना तसंही फारसं भवितव्य नव्हतं, माना खाली घातल्या. क्रांट्झबाई सहा फूट उंच होत्या. कोटासकट आठ.

शाळेतल्या शिक्षिका आर्डिस लोकेनबाई दारातच लिंबाच्या वड्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या.

"घ्या ना एक वडी."

"नको, नको."

"अहो घ्या, घरच्याच आहेत."

"नको, खरंच नको."

"एवढीशी तर आहे."

नॉर्डालमध्ये दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा 'बरं, एवढं म्हणताच आहात तर' असं पुटपुटत घ्यायचं, ही रीत पणजोबांनी नॉर्वेहून येताना पेटीत घालून आणली होती. पेटीत दुसरं विशेष काही नव्हतं. क्रांट्झबाई तिसऱ्यांदाही म्हणाल्या, "नको. आम्हाला नियम आहे." मागे कोणीतरी भिंतीला टेकलं. तिसरं नको त्या गावाने तोवर ऐकलं नव्हतं.

ज्या मुलांच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत त्यांना शाळा इंग्रजी कसं शिकवते, हे राज्याच्या वतीने पाहायचं, हे क्रांट्झबाईंचं काम. अशी मुलं वेळेवर ओळखली का, त्यांची परीक्षा घेतली का, आईबापांना त्यांच्या भाषेत कळवलं का, शिकवणारीकडे परवाना आहे का. काही वर्षांनी एकदा त्या यायच्या, सगळं बघायचं, सगळ्यांशी बोलायचं आणि जायचं. त्यांच्या नियमांपैकी एकच नियम आर्डिसबाईंना तोंडपाठ होता. बाकीच्या मुलांना जशी जागा, तशीच या मुलांना.

आर्डिसबाईंचा वर्ग जिमच्या मागच्या सामानाच्या खोलीत भरत असे.

ही खोली त्यांच्या वाट्याला कशी आली ते सांगायला हवं. बाई गवळ्याच्या लेक. तिसरीच्या वर्गाला शिकवायच्या आणि सुखात होत्या. मग टर्कीच्या कारखान्याने रात्रपाळी सुरू केली. ग्वाटेमालातून, ब्रह्मदेशातून, सोमालियातून माणसं आली, आणि माणसांबरोबर मुलं. शिक्षकांच्या बैठकीत विषय निघाला की यांना कोण शिकवणार. सगळे टेबलाकडे बघत बसले. आर्डिसबाईंना त्या दिवशी खोकला झाला होता. त्या खोकल्या. हेडमास्तर म्हणाले, "वा, आर्डिस, आभारी आहोत." आता नाही कसं म्हणायचं? बाईंनी उन्हाळ्यात कॉलेजात जाऊन परवाना मिळवला. खोकला बरा व्हायला त्याहून कमी वेळ लागला.

खोलीत कुस्तीच्या गाद्या रचलेल्या असत. नॉर्डालची पोरं कुस्तीत नावाजलेली, त्यामुळे गाद्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या पराक्रमाचा वास होता. कोपऱ्यात मक्याच्या लाह्यांचं मोठं यंत्र. बास्केटबॉलचा सामना असला की भर तासाला दोघं जण यंत्र ढकलत न्यायचे. "जरा सरकतोय हं, बसा बसा, उठू नका." आर्डिसबाईंच्या कित्येक विद्यार्थ्यांना आलेलं पहिलं इंग्रजी वाक्य हेच. काही पोरं तर घरी आईच्या मागून ताटाकडे जातानाही ते म्हणायची.

बाईंना आयुष्यात फार काही नको होतं. नवरा हवा होता, तो मिळाला. पुढे तो वारला, त्याबद्दलही त्यांनी कोणाकडे तक्रार नेली नाही. वर्गाला खिडकी मात्र त्यांना मनापासून हवी होती. खिडकी नसेल तर 'बाहेर' हा शब्द शिकवताना बोट कुठे दाखवायचं? वारा कुठे दाखवायचा? बाईंनी पुठ्ठ्याची खिडकी करून गाद्यांच्या वर टांगली होती. हिवाळ्यात तिच्यात कापसाचा बर्फ, वसंतात हिरवा कागद, शरदात लाल पानं. एकदा बाई तापाने पडल्या आणि एप्रिलभर वर्गात बर्फ पडत राहिला. ग्वाटेमालाहून नुकता आलेला नेफ्ताली रोज घरी जाताना बाहेरचं ऊन बघून गोंधळायचा.

निवृत्त होण्याआधी एक वर्ष तरी खऱ्या खिडकीत शिकवायचं, एवढीच बाईंची इच्छा. ती त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. मागायचं म्हणजे समोरच्याला नाही म्हणायची पाळी आणायची, आणि असं नॉर्डालमध्ये शत्रूशीसुद्धा कोणी करत नाही. राज्याच्या तपासणीत मात्र हे आपोआप उघड झालं असतं. न मागता.

ते होईना, आणि त्यात लबाडी कोणाचीच नव्हती. तपासणीची तारीख आली की हेडमास्तर लायल ओस्टलंड, भला माणूस, जिभेवर कायम खोकल्याची गोळी, येऊन म्हणायचा, "आर्डिस, तुझा वर्ग तेवढा दिवस लायब्ररीत हलवू या. पाहुणी येणार, तिला काय गाद्यांत बसवायचं?"

"खरंच की," आर्डिसबाई म्हणायच्या. "मी वड्या करते."

पाहुणे येणार म्हटल्यावर पसारा आवरायचा. यात फसवणूक कसली? लायलला तसं कोणी म्हटलं असतं तर त्याने गोळी गिळली असती. लायब्ररीला तीन भिंतींना खिडक्या. मुलं त्या दिवशी खिडक्यांतून बाहेर बघत बसायची आणि क्रांट्झबाई लिहायच्या की मुलं शांत व एकाग्र आहेत.

त्या पहिल्याच भेटीत एक गोष्ट घडली होती. क्रांट्झबाई स्वच्छतागृह शोधत जिमच्या मागे गेल्या आणि त्यांनी चुकून भलतंच दार उघडलं. आत गाद्या, लाह्यांचं यंत्र, भिंतीवर मुळाक्षरं, पुठ्ठ्याच्या खिडकीत बर्फ. आर्डिसबाई कात्री न्यायला आत गेल्या होत्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"माफ करा हं," क्रांट्झबाई म्हणाल्या, आणि दार लावलं.

क्रांट्झबाईही याच राज्यातल्या, इथून तासाभरावरच्या शेतावर वाढलेल्या. दुसऱ्याच्या घरात चुकून दिसलेली खोली दिसली नाही असं धरायचं, हे त्यांनाही आईने शिकवलं होतं. नियमाप्रमाणे जे दाखवलं गेलं तेच त्या लिहू शकत, किंवा कोणी सांगितलं ते. म्हणून त्या विचारत. पुढच्या प्रत्येक भेटीत त्यांनी विचारलं, आणि विचारताना त्यांचा आवाज जरा जास्तच आर्जवी होत गेला.

"लोकेनबाई, जागेबद्दल काही सांगायचंय?"

"नाही हो. चाललंय."

"अगदी काहीही? छोटंसंसुद्धा?"

"तक्रार कसली करायची? याहून वाईट असू शकलं असतं."

मग मुलांना. "तुमची नेहमीची खोली कशी आहे, नेफ्ताली?"

नेफ्ताली आता मोठा झाला होता. त्याने खिशात हात घातले, बुटांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "तशी बरी आहे."

"काही त्रास?"

"त्रास असा नाही. सवय होते माणसाला."

क्रांट्झबाईंनी पेन खाली ठेवलं. पोराचं वाक्य निर्दोष होतं, सूर निर्दोष होता, खांदे उडवणंसुद्धा पक्कं नॉर्डालचं. शिकवण्याच्या रकान्यात राज्याने उत्तम शेरा दिला. खिडकी राहूनच गेली.

शेवटची तपासणी आली ती बाईंच्या निवृत्तीच्या वर्षी. या खेपेला पालकांची बैठकही होती. कारखान्याची पाळी सुटल्यावर पालक लायब्ररीत जमले, हाताला ब्लीचचा वास घेऊन. एका खुर्चीवर शुक्री अब्दुल्ले बसली होती. उंच, डोक्यावर जांभळी ओढणी, पाळीने दमलेली. तिची मुलगी हमदी शरदापासून आर्डिसबाईंच्या वर्गात होती. शुक्री ओहायोहून आलेली, त्याआधी नैरोबीहून, आणि तिला नॉर्डालची हवा अजून लागलेली नव्हती.

टेबलावर वड्यांचं ताट होतं. वड्या संपत आल्या, एक उरली. आता, नॉर्डालमध्ये शेवटची वडी कोणी घेत नाही. लायलने तिचे दोन भाग केले आणि एक घेतला. एका ग्वाटेमालन बापाने उरलेल्या अर्ध्याचे अर्धे केले. त्याच्या बायकोने सुरीने त्या पाव तुकड्याचे पुन्हा दोन. ताटात नखाएवढा तुकडा राहिला आणि सगळे त्याच्याकडे न बघता बसले. असा तुकडा चर्चमध्ये आठवडाभर टिकल्याचं लोकांनी पाहिलेलं आहे.

शुक्रीने हात लांब केला आणि तो तुकडा तोंडात टाकला.

लायलच्या जिभेवरची गोळी दातांवर खट्‌कन वाजली.

क्रांट्झबाईंनी टेबलावरचा फोन चालू केला. पलीकडे सोमाली दुभाषा होता, याच राज्यातल्या मिनियापोलिसला जन्म काढलेला सभ्य गृहस्थ. "विचारा त्यांना," क्रांट्झबाई सवयीने म्हणाल्या, "मुलीच्या वर्गाबद्दल काही म्हणायचंय का."

शुक्री बोलू लागली. बराच वेळ बोलली. एकदा तिने नाक धरलं. एकदा टेबलावर हात आपटला, तेव्हा ताट उडालं.

फोन जरा घुटमळला. "त्या म्हणतात," दुभाषा म्हणाला, "की खोली जरा वेगळी आहे."

"ए, मी असं नाही म्हणाले!" शुक्रीने फोनला दटावलं, आणि मग क्रांट्झबाईंकडे वळून स्वतःच्याच इंग्रजीत सुरू झाली. "मी म्हणाले, घाण वास येतो. माझ्या पोरीच्या केसांना पहिलवानांचा घाम. मी दिवसभर टर्की कापते, वासातलं मला सांगू नका. कोंबडीसुद्धा अशा खोलीत अंडं घालणार नाही. खिडकी नाही! बाकीच्या पोरांना आहे. ही बाई पुठ्ठ्याची खिडकी लावून शिकवते, आणि तुम्ही सगळे वडी कापत बसता?"

"तसं फार काही नाही हो," आर्डिसबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"बाई, तुम्ही गप्प बसा," शुक्री म्हणाली. "तुमच्यासाठीच बोलतेय."

आर्डिसबाई गप्प बसल्या. त्यांचे कान लाल झाले होते. ते आनंदाने की लाजेने, हे त्यांना स्वतःला सांगता आलं नसतं. क्रांट्झबाईंचा मात्र चेहराच बदलला. त्यांनी इतक्या घाईने पेनचं टोपण काढलं की ते घरंगळत खाली गेलं.

"पुन्हा सांगता?" त्या म्हणाल्या. "सावकाश. कोंबडीपासून. आणि ती खोली मला दाखवायला कोण नेतंय?"

"मी," शुक्री म्हणाली, आणि निघालीसुद्धा.

दार उघडून क्रांट्झबाई आत उभ्या राहिल्या. "अरे बापरे," त्या आर्डिसबाईंना म्हणाल्या, "मला काही कल्पनाच नव्हती."

"कशी असणार?" आर्डिसबाई म्हणाल्या.

बाहेर येऊन लायल दुखावल्या आवाजात म्हणाला, "आर्डिस, इतकी वर्षं! अगं, मला सांगायचं नाही का?"

"तुला कशाला त्रास म्हटलं."

"त्रास कसला? लगेच दिली असती खोली." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण तिने शेवटची घेतली, पाहिलंस ना?"

गावात महिनाभर त्या तुकड्याचीच चर्चा झाली. खोलीबद्दल कोणी बोललं नाही. क्रांट्झबाई मात्र जाताना दारात थांबल्या, आर्डिसबाईंनी बाजूला काढून ठेवलेल्या वड्यांच्या डब्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नको." मग म्हणाल्या, "नको, नको." मग इकडेतिकडे बघून हातमोजा काढला.

राज्याचा हुकूम वसंतात आला. या मुलांना इतरांसारखी खोली द्यावी. लायलने मन लावून काम केलं. लायब्ररीशेजारची, पूर्वेकडे मोठी खिडकी असलेली खोली त्याने रिकामी करवली, रंग दिला आणि खिडकीची काच स्वतः पुसली. खोली सप्टेंबरात तयार झाली. आर्डिसबाई जूनमध्ये निवृत्त झाल्या होत्या. पहिल्या दिवशी त्या वड्या घेऊन नवा वर्ग बघायला गेल्या.

नव्या बाई तिथे पडदा ओढून शिकवतात. नाहीतर स्क्रीनवर ऊन पडतं.