एकाच चुलीचं घर

लोणारजवळच्या आपल्या गावात, वावराच्या कडेला नव्या घराची आखणी करायला जनकाबाईनं दोन गोधड्या शेजारी शेजारी अंथरल्या. चहूकडून बसायला हातभर जागा सोडली आणि चुन्याची रेघ ओढली. ही शिवायची खोली. तिला लागून निजायच्या तीन खोल्या. स्वयंपाकघर मात्र एकच.

राहणाऱ्याही तिघी. जनकाबाई, तिची नणंद भिमाबाई आणि सिंधूताई. तिघी विधवा, तिघी गोधड्या शिवणाऱ्या. नणंद-भावजय बौद्ध वस्तीतल्या, सिंधूताई पाटीलपुऱ्यातली.

बुलढाण्याला बांधकामाचा डिप्लोमा केलेल्या मयुरीनं, जनकाबाईच्या भाचीनं, मापं घेतली. "मावशी, भिंती सिमेंटच्या ना?"

"सिमेंट तापते. मातीची हातभर जाड भिंत पायजे."

म्हाताऱ्या डोळ्यांना सुईत दोरा ओवता यावा म्हणून उत्तरेला मोठी खिडकी ठेवली. छपरावरचं पाणी अंगणातल्या हौदात घेतलं. घर उभं राहिलं. दीड वर्ष तिघी एका परातीतल्या भाकरी खात, एकाच गोधडीला तीन बाजूंनी टाके घालत राहिल्या. मलकापूरच्या दुकानदाराकडून मागणी यायला लागली. लेकाच्या घरी उंबऱ्याबाहेर एकटी जेवणारी सिंधूताई मोठ्यानं हसायला शिकली.

मग तिच्या नातीची सोयरीक निघाली आणि लेक हर्षल आला. तो दारातच उभा राहिला.

"मावशी, घर झकास आहे. फक्त आईसाठी अलग चूल मांडून द्या. पाहुणे विचारून राह्यले, बुढी कोणाच्या हातचं खाते म्हणून."

"दीड वर्ष खाल्लं, तवा काऊन नाही विचारलं?"

"माह्या मनात काही नाही हो. लोकाचं पाहा लागते."

जनकाबाई सिंधूताईकडे वळली. "तूच सांग, सिंधू. मांडू दुसरी चूल?"

सिंधूताईनं मान वर केली नाही. "नातीचं लगन हाय, जनका."

"मंग जाय तू."

तिचं गाठोडं गेल्यावर भिमाबाई चिडली. "चार इटा मांडल्या असत्या तर काय बिघडलं असतं? राह्यली असती बिचारी."

"आपल्याच घरात आपल्याच हातानं आपला इटाळ मांडू?"

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं कामापुरतंच उरलं.

लग्न झालं. या दोघींना आवतण नव्हतं. पुढे चार महिन्यांनी लोणारच्या बाजारात सिंधूताई दिसली, पार वाळलेली.

"जेवतं का येळेवर?" जनकाबाईनं विचारलं.

"सुनेचं अन् माह्यं पटत नाही. गोठ्याच्या बाजूले अलग करून खातो. एका भाकरीसाठी चूल पेटवाचा कटाळा येते." मग तिनंच विचारलं. "खिडकीजवळ कोण बसते आता?"

'चाल घरी' हे शब्द जनकाबाईच्या ओठांवर आले होते. पण त्या दिवशी न उचललेली ती मान तिला आठवली. "कोणी नाही," ती म्हणाली, मेथीची जुडी पिशवीत कोंबली आणि एसटीकडे चालू लागली.