बिनविषाची वांगी

कपाशीवर फवारणी करताना आमचे हे कोसळले. दवाखान्यातून आले ते एक डोळा अधू करून. पुन्हा त्यांच्या पाठीवर पंप नको, म्हणून मी बिनफवारणीची वांगी लावली. आर्णीच्या बाजारात तेव्हाची ती पन्नाशीची शहाणी, म्हणजे मीच, बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "बिनविषाची वांगी घ्या वो!"

नेहमीची गिऱ्हाईक बाई थबकली. "काहून वं मावशी, मंग मागच्या साली माह्या लेकरायले काय चारलं तू?"

मी वांग्यांवर उगाच पाणी शिंपडत राहिले.

ती शेजारी पाटी मांडून बसलेल्या बाईकडून वांगी घेऊन गेली. पुढच्या बाजारांतही माझी पाटी भरलेलीच परत आली. मग यांनी एका डोळ्यानं माप बघत फवारणीचं औषध कालवलं. पाणी मीच ओतलं.