आईचा अर्ज मी हिंदीत लिहिला

नवं राज्य झालं आणि आमचं बऱ्हाणपूर हिंदी मुलखात राहिलं, त्या वर्षांत आमच्या गल्लीची भाषा बदलली. आम्हाला ते छापून आल्यावर कळलं.

आई शनवारा वेशीजवळच्या सरकारी शाळेत मुलींचा मराठी वर्ग घ्यायची. वडील मी लहान असतानाच गेले होते. त्यानंतर तिनं जीव लावला तो मला आणि त्या वर्गाला. एक दिवस शाळेच्या बड्या बाईंनी तिच्या हातात सरकारी पुस्तिका ठेवली. कुठल्या मोहल्ल्यात कोणती भाषा बोलतात, त्याची यादी. आमच्या गल्लीपुढे हिंदी. मराठी घर एकही नाही. तेव्हा मराठी वर्ग बंद, आणि आईची बदली चांदनी गावाला, हिंदीच्या वर्गावर. हरकत असेल तर महिन्याभरात अर्ज करा.

हे कसं झालं ते मी सांगते, कारण त्या यादीची माहिती लिहायला माणूस आला तेव्हा मी ओट्यावरच होते. त्यानं हिंदीत विचारलं, आईनं हिंदीत सांगितलं, वर चहा पाजला. आमच्या बऱ्हाणपुरात दारी आलेल्याशी त्याच्या भाषेत बोलतात, तशी रीतच आहे. सगळ्या गल्लीनं तेच केलं. घरात काय बोलता, हे त्या शहाण्यानं एकाही दारात विचारलं नाही. कानावर पडलं ते लिहून मोकळा झाला.

आईनं अर्ज लिहिला तो मराठीत, तिच्या वळणदार अक्षरात. कचेरीतल्या बाबूनं तो न वाचताच परत सरकवला.

"हिंदी में लिखकर लाइए, बहनजी."

आईची हिंदी भाजीवाल्यापुरती. कचेरीची हिंदी तिनं बापजन्मात लिहिली नव्हती. मी मात्र शाळेत हिंदीत पहिली यायचे आणि त्याची मला भारी घमेंड होती. म्हटलं, आण इकडे, मी लिहिते. आणि लिहिला. येत होते तेवढे अवघड शब्द त्यात कोंबले. आईला अर्धं कळलं नाही, तरी तिनं विश्वासानं खाली सही केली.

मग खेटे सुरू झाले. साहेब दौऱ्यावर आहेत, साहेब जेवायला गेलेत, उद्या या. शाळा सुटली की आई थेट कचेरीत जायची आणि पाय ओढत घरी यायची. शेवटी उत्तर आलं. तिनं ते दोनदा वाचलं आणि कागद माझ्याकडे दिला.

"पोरी, प्रविष्टि म्हणजे काय गं?"

"नोंद."

"आणि त्याच्या वर काय लिहिलंय?"

वर लिहिलं होतं की अर्जदार बाईंचं हिंदीवरचं प्रभुत्व त्यांच्या अर्जावरूनच सिद्ध होतं, सबब नोंद आहे तशीच राहील. हे मला तिला मराठीत सांगावं लागलं. तिनं मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "अर्ज चांगला लिहिला होतास."

त्या साहेबावरचा माझा राग अजून गेलेला नाही. स्वतःवरचा तर मुळीच नाही.

पुढच्या सोमवारपासून आई गाडीनं चांदनीला जाऊ लागली. रोज संध्याकाळी उद्याचा हिंदीचा धडा घेऊन ती माझ्यासमोर बसायची, आणि मी तो तिला मराठीतून समजावायचे.